"बरं हाय" ऐकून आपण पुढं सरकतो, त्याबद्दल

शहापूरची अक्का

सगळ्यांना सलाम. गेले तीन आठवडे एक गोष्ट मनातनं हलत नाही म्हणून धागा काढतेय. जरा लांब आहे, पण वाचा आणि तुमचं काय ते लिहा.

आमच्या मंडळीत ७८ वर्षांच्या एक आजी आहेत. वडगावात मागवाल्यांच्या जुन्या गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहतात. मुलगा पुण्याला. दर रविवारी उपासना सुटली की चर्चच्या पायरीवर गाठ पडायची. मी विचारायची, "आजी, बरं हाय न्हवं?" त्या म्हणायच्या, "देवाच्या दयेनं बरं हाय बघ." तोवर माझी किल्ली स्कूटरला लागलेली असायची.

जुलैत त्या दोन रविवार दिसल्या नाहीत. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, गुडघ्यांमुळं बाहेर पडत नसतील. तिसऱ्या रविवारी बाकाखाली त्यांचं चष्म्याचं घर सापडलं, ते द्यायला म्हणून गेले. खरं तेच सांगते, चष्म्याचं घर द्यायला गेले होते, आजींना बघायला नव्हे.

दार नुसतं लोटलेलं. आत कट्ट्यावर एक पातेलं पालथं, ताटलीत चिरमुरे, तांब्यात पाणी. आणि कोपऱ्यात भरलेलं गॅस सिलिंडर, वरची पांढरी टोपी दोऱ्यासकट जशीच्या तशी. आधीचा गॅस संपून अकरा दिवस झाले होते. संधिवातानं वाकलेल्या बोटांना तो दोरा ओढवत नव्हता. शेजारच्या घराला कुलूप. गल्लीतलं एक पोरगं बेकरीतनं बन आणून द्यायचं, त्याला सिलिंडर कसं सांगणार? अकरा दिवस आजी बन, केळी आणि चिरमुऱ्यांवर होत्या. आणि मी आत पाऊल टाकल्यावर म्हणतात, "ये गं. बरं हाय माझं. तूच भिजलीस की."

टोपी काढून रेग्युलेटर बसवायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्या रात्री बायबलातलं २ राजे ४ उघडून बसले. शूनेमची बाई अलीशा संदेष्ट्याकडं कर्मेल डोंगरावर निघालीय. अलीशा लांबनं बघतो आणि आपला चाकर गेहजी याला पुढं पाठवतो, काय काय विचारायचं ते सांगून. तुझं बरं आहे ना, नवऱ्याचं बरं आहे ना, लेकराचं बरं आहे ना? बाई म्हणते, "बरं आहे." तिचं लेकरू त्या वेळी घरी वरच्या खोलीत संदेष्ट्याच्या पलंगावर मेलेलं पडलंय. मूळ हिब्रूत तिचं उत्तर एकच शब्द आहे, शालोम.

वाईट माणूस नव्हता हो गेहजी त्या क्षणी. सांगितलेले प्रश्न त्यानं विचारले, उत्तर घेतलं. मीही तेच करत होते, चार-पाच महिने, दर रविवारी. पण बाई पुढं गेली, अलीशाचे पाय धरले, तेव्हा हाच गेहजी तिला बाजूला ढकलायला आला. अलीशा म्हणाला, असू दे तिला, तिचा जीव कासावीस झालाय आणि परमेश्वरानं मला हे कळवलं नाही.

हे शेवटचं वाक्य मी कितीदा वाचलं असेल. एवढा मोठा संदेष्टा, आणि त्याला कळलं नव्हतं. तिनं पाय धरले आणि त्यानं धरू दिले, तेव्हा कळलं.

तर मला विचारायचंय की तुम्ही विचारपूस करता म्हणजे नेमकं काय करता? "बरं हाय" च्या पलीकडं कसं जाता? शास्त्रातलं लिहा, घरातलं लिहा, दोन्ही चालेल.

दूधगंगाकाठ

अक्का, सिलिंडरचं वाचून मी माझ्या आईला फोन लावला.

आमच्या भागातलं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा यमगर्णीपाशी हायवे बंद झाला होता. वेदगंगा, दूधगंगा, खाली कृष्णा, सगळीकडं पाणीच पाणी. आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर. दिवसभर फोन. मुंबई, पुणे, कोल्हापूर, जो तो विचारतोय, "सुरक्षित आहात ना? काळजी घ्या." लोक प्रेमानंच विचारत होते, पण उत्तरं देता देता बॅटरी संपली. चौथ्या दिवशी वाट मोकळी झाल्यावर मामेभाऊ आला. प्लास्टिकच्या पोत्यात कोरड्या चादरी, मेणबत्त्या, काडेपेट्या आणि माझ्या बापाची मधुमेहाची गोळी. गोळीचं नाव त्यानं आधीच विचारून ठेवलं होतं, पूर यायच्या वर्षभर आधी कधीतरी.

याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे ना, उघड्या-उपाशी भावाला कोणी म्हणालं, सुखानं जा, ऊब घे, पोटभर जेव, आणि लागेल ते दिलं नाही, तर काय उपयोग? मला ते वचन त्या पोत्यामुळं कळलं.

मिरजेत शिकलेली सिस्टर

मी ३४ वर्षं नर्स होते. अथणीची, शिक्षण मिरजेला. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेलं ते मिशन हॉस्पिटल आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. आमची पोरं तिथं जन्मली, आमचे म्हातारे तिथं बरे झाले. तिथं मला एक सिस्टर शिकवायच्या, त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की पेशंटला "कसं वाटतंय" विचारू नकोस, तो तुला खूश करायला "बरं वाटतंय" म्हणेल. "रात्री किती वाजता जाग आली?" असं विचार.

निवृत्त झाल्यावर मंडळीतल्या लोकांना भेटायला जाते तेव्हाही हेच करते. काल रात्री काय जेवलात, कोणी केलं? गोळ्यांची पट्टी हातात घेऊन मोजते, तारखेला किती उरायला हव्यात आणि किती उरल्यात. पिण्याच्या पाण्याची घागर कुठं आहे, खाली की उंचावर? पायांकडं बघते, सूज आहे का, नखं कापलीत का. म्हातारपणी पायाची नखं स्वतःला कापता येत नाहीत आणि कोणाला सांगायची लाज वाटते. मी पिशवीत नेलकटर ठेवते. कोमट पाण्यात पाय घालून बसवलं की माणूस आपोआप बोलायला लागतं. आपल्या प्रभूनंही पाय धुतलेच की.

अक्का, स्वतःला लावून घेऊ नका. दारातनं आत गेलात ना, कारण काही का असेना.

अथणीकर

एक वेगळा मुद्दा मांडतो, कोणाला लागलं तर माफी.

आपल्या मराठी शास्त्रात मत्तय २५ मध्ये आजाऱ्याच्या "समाचाराला" जाणं आहे आणि याकोब १:२७ मध्ये अनाथ-विधवांचा "समाचार घेणं" आहे. ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद आहे. जाऊन डोळ्यांनी बघणं, जातीनं लक्ष घालणं, असा त्याचा अर्थ. पण मराठीत "समाचार घेतला" म्हणजे दुसरंही काही होतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

माझं काम सुटलं तेव्हा आम्ही चार महिने चर्चला गेलो नाही. दानपेटी पुढं आली की हात रिकामा, ते सोसवत नव्हतं. चार महिन्यांनी मंडळीतले चौघे घरी आले. खुर्च्यांवर बसले. "का येत नाही? मुलांचं काय? वर्गणी राहिलीय." माझी बायको आत चहा टाकत होती आणि घरात साखर नव्हती. चहा तसाच बाहेर आला. एकानं घोट घेतला, दुसऱ्याकडं बघितलं आणि कप खाली ठेवला. साखर का नाही हे कोणी विचारलं नाही.

त्यांनी आमचा समाचार घेतला, पण दुसऱ्या अर्थानं. आम्ही पुढं दीड वर्ष गेलो नाही.

आता जातो. नवीन पाळक आले, ते पहिल्या भेटीत मागच्या दारानं आले. परसात मी लाकडं फोडत होतो. त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला, दुसरी कुऱ्हाड आहे का म्हणाले. अर्धा तास कोणी काही बोललं नाही. मग मीच बोललो.

शहापूरची अक्का

अण्णा, तुमच्या बिनसाखरेच्या चहापाशी मी बराच वेळ थांबले. आम्ही महिला मंडळाच्या बाया भेटी देतो तेव्हा वहीत "भेट दिली" अशी खूण करतो. ती वही आता वेगळ्या नजरेनं बघणार आहे.

हिंदवाडी

मला थोडं विरुद्ध बोलायचंय.

लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. आमच्या घरी येणारी प्रत्येक मावशी, प्रत्येक काकी काळजीनंच विचारते. "काही विशेष? डॉक्टरला दाखवलं? प्रार्थना करतो हं आम्ही." दार वाजलं की माझ्या छातीत धडधडतं. गेल्या नाताळात मी फराळाचं ताट घेऊन कोणाकडं गेले नाही, कारण प्रत्येक दारात तोच प्रश्न. विचारपूस आणि चौकशी यात फरक आहे आणि तो विचारणाऱ्याला कळत नाही, ज्याला विचारतात त्यालाच कळतो.

ईयोबाचे तीन मित्र आठवतात ना. लांबनं बघून त्यांना ईयोब ओळखूसुद्धा आला नाही. मोठ्यानं रडले, अंगरखे फाडले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी एक शब्द बोललं नाही. तिथवर ते उत्तम मित्र होते. नंतर तोंड उघडलं आणि कारणं शोधायला लागले.

तेव्हा सगळ्यांना हात जोडून विनंती की प्रत्येकाच्या दारात जाऊन प्रश्न विचारायची मोहीम कृपा करून काढू नका.

मिरजेत शिकलेली सिस्टर

बाळा, तुझं खरं आहे. मी स्वतः असे प्रश्न विचारलेत पूर्वी, वॉर्डात आणि वॉर्डाबाहेर. आज वाईट वाटतं.

शहापूरची अक्का

हिंदवाडीच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी मोहीम काढणार नाही. एक विचारू? नाही सांगितलंत तरी चालेल. त्या आठ वर्षांत कोणाचं येणं बरं वाटलं का?

हिंदवाडी

हो. जाऊबाईंचं. त्या येतात, मेथीची जुडी घेऊन बसतात, निवडता निवडता त्यांच्या ऑफिसातलं सांगतात. एकदा मी रडले तर त्यांनी मेथी बाजूला ठेवली आणि नुसता माझा हात धरून बसल्या. विचारलं काहीच नाही. जाताना म्हणाल्या, "गुरुवारी येते, कोथिंबीर आणते."

पाळकाचा मुलगा

या धाग्यासाठी दोन दिवस शमुवेलाची दोन्ही पुस्तकं चाळत होतो. एक गोष्ट दिसली ती लिहितो.

दावीद रणांगणावर जातो तो गल्याथाशी लढायला म्हणून नव्हे. बाप इशाय त्याला पाठवतो (१ शमुवेल १७). एफाभर भाजलेलं धान्य, दहा भाकरी, आणि सरदारासाठी दहा पनीर. एफा म्हणजे साधारण २२ लिटरचं माप, म्हणजे चांगलं ओझं आहे. एलाच्या खोऱ्यात तुझे भाऊ आहेत, त्यांचं बरं आहे का बघ आणि त्यांच्याकडनं काहीतरी खूण घेऊन ये. म्हाताऱ्या बापाला नुसत्या निरोपावर भागणार नव्हतं, हातात काहीतरी हवं होतं. थोरला भाऊ अलीयाब तिथं दावीदावर खेकसतो, कशाला आलास, रानातली चार मेंढरं कोणावर टाकून आलास? भेटायला गेलेल्याला असंही ऐकून घ्यावं लागतं.

मग वर्षं जातात. दावीद राजा होतो. २ शमुवेल ११ मध्ये तो आपला सैनिक उरीया याला लढाईवरनं बोलावून घेतो आणि विचारतो, सेनापती यवाबाचं बरं आहे का, लोकांचं बरं आहे का, लढाई कशी चाललीय? हिब्रूत शालोम हा शब्द त्या एका वचनात तीनदा आहे. आणि हे विचारणाऱ्या माणसानं त्या उरीयाच्याच बायकोला घरी आणलेलं आहे. तीन वेळा खुशाली विचारली आणि त्यातली एकही खरी नव्हती. ज्याच्या हातनं इशायानं भाकरी पाठवल्या होत्या तोच हा मुलगा.

त्याहून पुढं, अध्याय १८. अबशालोम बापाविरुद्ध उठलाय, लढाई संपलीय, निरोप्या धावत येतो. त्याचा पहिला शब्दच शालोम आहे, म्हणजे सगळं ठीक. दावीद विचारतो, तरुण अबशालोम सुखरूप आहे ना? दुसरा निरोप्या येतो, त्यालाही तेच विचारतो. जिंकलो का हरलो ते विचारत नाही. शालोम आहे का त्या पोराला?

माझे वडील बेळगाव, खानापूर, हुक्केरी अशा तीन-चार ठिकाणी पाळक होते. लोकांची खुशाली विचारत सायकलवर हिंडायचे. घरी आल्यावर आमची विचारायला त्यांच्यात जीव उरायचा नाही. मी त्यांच्यावर रागावून बरीच वर्षं काढली. शेवटच्या आजारात त्यांनी एकदाच विचारलं, "तुझं बरं आहे का रे?" मी म्हटलं, "आहे." मग तासाभरानं पुन्हा विचारलं. तेव्हा मी खरं सांगितलं.

दूधगंगाकाठ

दादा, तुमचं वाचून दुकान अर्धा तास उशिरा उघडलं.

यवाबाचं नाव आलंय म्हणून आठवलं. पुढं २० व्या अध्यायात तो अमासाला भेटतो, "भाऊ, बरा आहेस ना?" म्हणत उजव्या हातानं त्याची दाढी धरतो मुका घ्यायला, आणि दुसऱ्या हातात तलवार.

येळ्ळूरची

मी ख्रिस्ती नाही. आमचं घर वारकऱ्यांचं. हा धागा मैत्रिणीनं पाठवला. चालेल ना मी लिहिलं तर?

आमच्या शेजारी एक कन्नड कुटुंब आहे. त्या काकींना मराठी येत नाही, माझ्या सासूबाईंना कन्नड येत नाही. गेली वीस वर्षं रोज सकाळी कुंपणापलीकडनं त्या विचारतात, "ऊटा आतेनरी?" म्हणजे जेवण झालं का. सासूबाई म्हणतात, "झालं हो, तुमचं?" एवढंच संभाषण. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला त्या सकाळी त्यांनी उत्तर दिलं नाही. काकी तशाच कुंपणातनं आत आल्या, साडी फाटली, पोरांना हाका मारल्या. आम्ही सगळे शेतात लावणीला होतो. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

सासूबाई आता थोडं थोडं बोलतात. झटक्यानंतर पहिल्यांदा जो शब्द नीट उमटला तो "ऊटा" होता.

शहापूरची अक्का

ताई, चालेल काय विचारता. तुमच्या सासूबाईंना आणि काकींना माझा नमस्कार सांगा. दोघींना.

जांबोटीकडचा

येळ्ळूरच्या ताईंनी भाषेचं काढलंय तर मीही थोडं लिहितो. आमच्या घरी कोकणी, शाळेत मराठी, ऑफिसात कन्नड. पोटासाठी चोर्ला घाटानं गोव्यात जा-ये.

शास्ते १२ मध्ये एक प्रश्न आहे तो वाचून माझ्या अंगावर काटा येतो. यार्देनेच्या उतारावर गिलादी लोक उभे आहेत. पलीकडं जाऊ बघणाऱ्याला म्हणतात, "शिब्बोलेथ" म्हणून दाखव. ज्याला "श" म्हणता येत नाही, "सिब्बोलेथ" म्हणतो, तो एफ्राईमी, त्याला तिथंच मारतात. त्या वेळी ४२,००० पडले असं लिहिलंय. आणि ही दोन्ही माणसं एकाच इस्राएलाची.

आपण सीमेवरची माणसं. आपल्याकडं अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न कोणता येतो तोंडात, ते प्रत्येकानं आठवून बघावं. मी तर नाव ऐकायच्या आधी बोली ओळखायला बघतो, सवयच लागलीय. उतारावर उभं राहून त्याच माणसाला "जेवलास का" असंही विचारता येतं, येळ्ळूरच्या काकींसारखं.

भाषेबद्दल माझंही मत आहे, पक्कं आहे, त्यावर इथं वाद नको. मी फक्त आधी काय विचारायचं ते बोलतोय.

कोगनोळी नाका

टोपणनाव वाचून कळलंच असेल. आमचं गाव सीमेवरच्या नाक्याला लागून, मुलगी पलीकडं कागलात दिली. एरवी दुधाची गाडी जावी इतक्या सहज जाणं-येणं. २०२० मध्ये कोरोनात नाका बंद झाला आणि मुलगी सातव्या महिन्यात. पास मिळेना. तिची सासू स्वभावानं चांगली, पण घरात दोघं आजारी.

एस्तेरच्या दुसऱ्या अध्यायात मर्दखय आहे. त्यानं वाढवलेल्या पोरीला राजवाड्यात नेलंय, आत जाता येत नाही, तर तो रोज जनानखान्याच्या अंगणासमोर येरझाऱ्या घालतो, एस्तेरचं कसं आहे, तिचं काय होणार ते कळावं म्हणून. रोज, असं लिहिलंय. मी तेच केलं. संध्याकाळी सातला फोन. ती म्हणायची, "बाबा, काल तर बोललो, आज काय नवीन असणार?" मी म्हणायचो, काही नको, नुसतं काय खाल्लंस ते सांग. सव्वीसाव्या दिवशी म्हणाली, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं चमकतंय. मी लगेच तिच्या सासूला फोन दिला लावून. बीपी वाढलं होतं. त्याच रात्री दवाखान्यात नेलं. नात आता शाळेत जाते.

रोज विचारलं म्हणूनच ते "आज डोकं दुखतंय" माझ्यापर्यंत आलं. आठवड्यानं विचारलं असतं तर ती "बरं आहे" म्हणाली असती, आणि मीही मान हलवली असती.

मिरजेत शिकलेली सिस्टर

गरोदर बाईला डोकेदुखी आणि डोळ्यांपुढं चमकणं हे धोक्याचं लक्षण आहे, थांबायचं नसतं. कोगनोळीच्या भाऊ, तुमच्या सातच्या फोननं दोन जीव वाचवले. बाकीच्यांनी हे लक्षण लक्षात ठेवा.

बेंगळुरूत असतो

मूळचा अनगोळचा. नाव सांगणार नाही.

मागच्या वर्षी मला जगायचं नव्हतं. घरच्या ग्रुपवर रोज सकाळी वचनाचं चित्र यायचं, मी हात जोडलेली खूण टाकायचो. म्हणजे सगळ्यांच्या दृष्टीनं मी रोज "बरं आहे" म्हणत होतो.

खोलीतला मित्र विजयपूरचा. त्यानं एक दिवस सरळ विचारलं, "मरायचे विचार येतात का?" इतकं सरळ कोणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्यानं उपदेश केला नाही. खाली जाऊन भात-सांबार आणलं, खायला लावलं, झोपायला लावलं, स्वतः दाराशी चटई टाकून झोपला. दुसऱ्या दिवशी १४४१६ ला फोन लावून दिला, सरकारचा टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत, रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलतात. मग डॉक्टर. आता गोळ्या चालू आहेत आणि मी कामावर जातो.

१ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत येऊन त्याला पहिल्यांदा काय म्हणतो? ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खाऊन परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, परत ऊठ, खा, वाट लांबची आहे. "एलीया, तू इथं काय करतोस?" हा प्रश्न चाळीस दिवसांनी, डोंगरावर. माझा मित्र लिंगायत आहे, त्यानं हा अध्याय वाचलेला नाही.

अथणीकर

लेका, तू लिहिलंस हे मोठं धाडस आहे. कधीही वाटलं तर मला इथं निरोप टाक. मी रात्री उशिरापर्यंत जागा असतो, खरंच.

पाळकाचा मुलगा

माझाही निरोपाचा डबा उघडा आहे. आणि तुझ्या मित्राला सलाम सांग.

बायबल बाईची पणती

उशिरा आलेय. बेळगावात मिशनचं काम १८२० पासूनचं. माझी पणजी पुढं कैक वर्षांनी बायबल बाई, म्हणजे घरोघरी बायकांना बायबल वाचून सांगणारी, झाली, गल्लोगल्ली, खेड्यापाड्यांत पायी हिंडायची. आजी सांगायची की पणजी कोणाच्या घरी गेली की आधी सूप मागून घ्यायची. तांदूळ निवडायला. "रिकाम्या हातानं बसलेल्या बाईपुढं कोणी बोलत नाही," म्हणायची. हिंदवाडीच्या ताईंच्या जाऊबाईंची मेथी वाचून मला पणजीचं सूप आठवलं, म्हणून लिहिलं.

आणखी एक. योसेफाला बापानं हेब्रोनहून शखेमला पाठवलं, भावांचं आणि मेंढरांचं बरं आहे का बघून ये म्हणून (उत्पत्ती ३७). सुमारे ८० किलोमीटर, बेळगावहून निपाणीला पायी जावं जवळजवळ तेवढं. तिथं भाऊ सापडले नाहीत तर परत नाही फिरला, विचारत विचारत पुढं दोथानला गेला. तिथं त्यांनी त्याला खड्ड्यात टाकलं आणि विकलं. इतकं भोगून हा माणूस मिसरच्या तुरुंगात सकाळी दोन कैद्यांचे चेहरे बघतो आणि विचारतो, आज तुमचं तोंड का उतरलंय? (अध्याय ४०). स्वतः कैदी असताना. दुसऱ्याची खुशाली बघायला गेला म्हणून त्याचं आयुष्य उलटंपालटं झालं होतं, तरी ती खोड गेली नाही. मला योसेफ त्याच्या स्वप्नांपेक्षा या एका प्रश्नासाठी जास्त आवडतो.

शहापूरची अक्का

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. बेंगळुरूच्या बाळा, तुझं तर कितीदा ते सांगत नाही.

काल बुधवारी आजींकडं गेले होते. सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणं गोळ्यांची पट्टी मोजली. पाच जास्त होत्या. विचारलं तर म्हणाल्या, रात्रीची गोळी घेतली की दोनदा उठावं लागतं आणि मोरीतला दिवा गेलाय, अंधारात पडायची भीती. दिवा! येताना कोपऱ्यावरच्या दुकानातनं आणला, शेजारच्या पोराला स्टुलावर चढवून लावला. नखांचं विचारलं तर आधी पदराखाली पाय घेतले, मग दिले. पणजींची आठवण ठेवून बसल्या बसल्या लसूण सोलला दोघींनी. तेव्हा मुलाचं बोलल्या. ते इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

डब्यात मी भाजी आणि तीन भाकरी नेल्या होत्या. निघताना डबा मागितला तर देईनात. "रिकामा डबा कसा देऊ? थांब." काठी टेकत परसात गेल्या, पाऊस होता तरी, कढीपत्त्याची डहाळी मोडून डब्यात भरली, झाकण बसेना इतकी. पाळकाच्या मुला, इशायानं मागितलेली खूण वाचली होती ना, ती माझ्या स्वयंपाकघरात तांब्यात ठेवलीय.

पुढच्या बुधवारी मला शाळेत मीटिंग आहे. वडगावच्या बाजूला कोणी आहे का?

हिंदवाडी

मी जाते. पत्ता निरोपात टाका. त्यांना मेथी चालते का?